दहा किलोची उडी

ट्रकवाले त्याला काटेसाहेब म्हणायचे. साहेब कसला, चार बाय सहाच्या खोलीत बसून वजनकाट्याचा आकडा वाचणारा माणूस. शहराच्या टोकाला, गोदामांची रांग संपते तिथे जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी काटा. त्यावर ट्रक चढायचा, हा खिडकीतून हात वर करायचा, ड्रायव्हर खाली उतरायचा, आकडा स्थिरावला की हा चिठ्ठी छापून द्यायचा. आधी भरलेल्या ट्रकचं वजन, मग रिकाम्याचं, वजा केलं की माल. बावीस वर्षं हेच. आणि बावीस वर्षांत आपली एकही चिठ्ठी चुकीची निघाली नाही, हे तो इतक्यांदा सांगायचा की ऐकणाऱ्यालाच शंका यावी.

पण माणूस एका जागी ठरेल तर शपथ! ट्रक नसला की उठ, दारात जा, परत ये, डबा उघड, बंद कर, बस, पुन्हा उठ. अलीकडे तर फारच. आणि त्याला कारणही तसंच होतं. त्याच्या धाकट्या बहिणीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, आणि अख्ख्या घरात जुळणारी किडनी एकट्या ह्याची होती.

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. नजर बारीक, अंगकाठी त्याहून बारीक, आणि जीभ मात्र कुणाला ऐकायची नाही. दोन वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा ती इस्पितळात जाऊन चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसत होती. नवऱ्याचा रक्तगट जुळेना, आई थकलेली. राहिला दादा. दादानं तर डॉक्टरीणबाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत शर्टाची बाही वर सारली. "घ्या माझी. आत्ता घ्या."

बाईंनी त्याला आधी मशीनवर उभं केलं. सत्त्याण्णव किलो. मग रक्त काढलं. साखर अगदी सीमेवर.

"किडनी जुळतेय, पण तुमची तब्येत आड येतेय," बाई म्हणाल्या. "चार महिने देते. वजन पंच्याऐंशीवर आणा, साखर खाली आणा, मग पुढचं बोलू. मधुमेह झालेल्या माणसाची किडनी मी काढणार नाही. पुढे तुम्हालाच दोन्ही लागतील."

"बारा किलो ना? झाले म्हणून समजा," हा म्हणाला. असा म्हणाला जणू बारा किलो म्हणजे खिशातला रुमाल, काढला आणि ठेवला टेबलावर.

शेजारच्या खोलीत आहारवाल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी एक कोरा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, तुमचं ताट काढून दाखवा. ह्यानं गोल काढला, तो कागदाच्या बाहेर चालला. त्यात भात काढला, भाजी काढली, ब्रेड काढला, आणि पुन्हा भात काढला, कारण दुसऱ्यांदा घेतो ना! बाईंनी हसू दाबलं. मग त्यांनी सगळं समजावलं. ताट लहान घ्या, एकदाच वाढून घ्या, पातेलं स्वयंपाकघरातच राहू द्या. गोडाची सवयच थोडी थोडी उतरवत न्या. दर पंधरा दिवसांनी इथे येऊन वजन करा.

"चहा मात्र गोड लागतो हो मला," हा म्हणाला. "साखरेऐवजी त्या गोळ्या मिळतात, त्या चालतील?"

"सुरुवातीला एखादी चालेल. पण ती साखरेच्या जागी आहे, जास्त जेवायची परवानगी म्हणून नाही."

आता गंमत बघा. ह्या अर्ध्या तासाच्या बोलण्यातलं ह्याच्या कानात काय शिरलं? 'चालेल' हा एक शब्द. बाकी सगळं एका कानानं आत, दुसऱ्यानं बाहेर.

दुसऱ्या दिवशी घरातला साखरेचा डबा शेजारणीकडे गेला. त्याच्या जागी बिनसाखरेचं राज्य आलं. बिनसाखरेची बिस्किटं, बिनसाखरेचा मुरांबा, बिनसाखरेचं आइस्क्रीम, आणि दीड लिटरच्या बाटलीतलं ते काळं फसफसणारं पेय, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, शून्य साखर. चहात एक गोळी फिकी लागायची म्हणून दोन. दोनाच्या तीन झाल्या. पूर्वी बिस्किटं मोजून चार खायचा, बायको डोळे वटारून बघायची म्हणून. आता अख्खा पुडा संपवायचा आणि वर तिलाच तो पालथा करून वाचून दाखवायचा, "बघ, साखर कुठे आहे? दाखव!"

पिठाचं आणि तुपाचं काय, ते पुड्यावर खाली बारीक अक्षरांत होतं. ते वाचायला धाकटीच्या दुकानातला चष्मा लागला असता.

ताटही तेच राहिलं, दाराच्या चौकटीत अडकेल एवढं. उलट भात वाढला. चहातली साखर वाचली, आइस्क्रीमातली वाचली, मग चार घास भात जास्त खाल्ला तर काय आभाळ कोसळतंय, असा ह्याचा हिशेब. आणि भूक म्हणाल तर काही केल्या शमेना. जेवून उठला की जिभेला काहीतरी गोड हवं. ते खाल्लं की पोटाला आणखी काहीतरी हवं. डबा उघड, बंद कर, पुन्हा उघड.

"तुम्ही पथ्य करताय की स्वतःचा पाहुणचार?" बायको एकदा म्हणालीच.

"तुला नाही कळायचं. शास्त्र आहे त्यात."

इस्पितळातल्या वजनाला मात्र हा एकदाही गेला नाही. रांगेत दोन तास कोण उभं राहणार? आणि कशासाठी? "साठ टन तोलणाऱ्या काट्याचा मालक मी," असं तो ऐटीत म्हणायचा, मालक नसताना. "मी दुसऱ्याच्या काट्यावर चढू?"

पहिल्याच दिवशी दुपारी ट्रक नसताना तो गुपचूप बाहेर आला आणि त्या लोखंडी फळीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. ड्रायव्हरांना दिसावा म्हणून खांबावर एक मोठा आकडा लावलेला होता, लाल दिव्यांचा. तो लुकलुकला आणि शंभरावर थांबला. ह्याला घाम फुटला. बूट धरले तरी शंभर म्हणजे फारच झालं. तीन आठवड्यांनी पुन्हा उभा राहिला. लाल दिवे लुकलुकले. नव्वद!

तो काट्यावरच नाचला म्हणे. समोरच्या गोदामाच्या रखवालदारानं पाहिलं, त्याला वाटलं ह्याला विंचू चावला.

तीन आठवड्यांत दहा किलो! त्यानं तिथूनच धाकटीला फोन लावला. ती दुकानात होती, मागे काच घासायच्या यंत्राची घरघर चालू होती. "छोटे, दहा किलो उतरलो. आता पाच उरले. पुढच्या महिन्यात तर मी तुझ्याहून बारीक!"

घरघर थांबली. तिनं यंत्र बंद केलं होतं. मग म्हणाली, "दादा, खरं सांगतोस?" तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "बावीस वर्षांत माझी चिठ्ठी चुकलीय का कधी?" तो म्हणाला.

त्या रविवारी तो बायकोला घेऊन तिच्याकडे जेवायला गेला. धाकटीच्या टेबलावर प्लास्टिकची एक छोटी बाटली असायची, तिच्यावर तिनं पेनानं रेघा मारलेल्या. दिवसभरात साडेसातशे मिली, बस्स. चहा त्यातच, औषधाचं पाणी त्यातच. शरीरात गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, मग ते फुप्फुसापर्यंत चढतं, म्हणून हे माप. फारच घसा सुकला तर ती बर्फाचा एक खडा तोंडात धरायची आणि तो विरघळेपर्यंत बोलायची नाही. तिच्या घरात शांतता असायची ती तेवढ्याच वेळात.

दादानं आपली दीड लिटरची बाटली बरोबर आणली होती. जेवताना त्यानं ती एकट्यानं संपवली. ग्लास भरायचा, गटागट, पुन्हा भरायचा. "शून्य साखर!" प्रत्येक ग्लासाला सांगायचा. भात तीनदा घेतला. धाकटी समोर बसून बघत होती, गालात बर्फाचा खडा. बायकोनं टेबलाखालून ह्याचा पाय दाबला. ह्याला वाटलं, चुकून लागला असेल.

असे तीन महिने गेले. दर पंधरा दिवसांनी काट्यावर उभं राहायचं, दर वेळी नव्वद. उतरत नाही, पण चढतही नाही, म्हणून हा निवांत. निवांत कसला, आतून कुरतडत होतंच काहीतरी. आकडा एवढा कसा हलत नाही? शर्टाची बटणं अजून का ताणतात? असं मनात आलं की तो उठायचा, दारात जायचा, परत यायचा आणि एक पुडा फोडायचा. ते पाच किलो काय, शेवटच्या पंधरवड्यात बघून घेऊ.

इस्पितळाच्या तारखेला नऊ दिवस उरले असताना भंगार घेऊन एक ट्रक आला. ड्रायव्हर भांडकुदळ. चिठ्ठी हातात घेऊन तो खिडकीपाशी आला. "काटा बिघडलाय तुमचा. मी पाच लिटरचा पाण्याचा कॅन खाली काढून ठेवला, तरी आकडा जागचा हलला नाही!"

कुणी काट्याला नावं ठेवली की ह्याचं टाळकं सणकायचं. "अहो, दाणे तोलायचा तराजू वाटला का हा? दहा-दहाच्या उड्या मारतो तो. मधलं त्याला दिसतच नाही. तिकडे पाटी वाचा, दोनशे किलोंच्या खालचं वजन धरू नये. मी स्वतः रंगवलीय ती! चार-पाच किलोंनी काय होतं ह्याला? पंच्याण्णव असले तर शंभर दाखवेल, आणि चौऱ्याण्णव असले तर..."

तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"तर काय?" ड्रायव्हरनं विचारलं.

"तर नव्वद," हा म्हणाला आणि खुर्चीत बसला.

बावीस वर्षं रोज दहा माणसांना हेच सांगत आला होता, आणि स्वतः मात्र त्याच फळीवर उभा राहून नाचला होता. त्यानं खोलीला कुलूप ठोकलं, मागे ट्रक खोळंबला त्याची पर्वा केली नाही, आणि नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन तिथल्या छोट्या मशीनवर चढला. चौऱ्याण्णव किलो सातशे ग्रॅम. उतरला, पुन्हा चढला. तेवढेच. जवळजवळ चार महिन्यांत सव्वादोन किलो. दहा नाही. सव्वादोन!

पुढचे नऊ दिवस विचारूच नका. काकडी आणि कोमट पाणी. बायको म्हणाली, अहो असं एकदम करू नका, तर तिच्यावर खेकसला. गुरगुरत घरभर फिरायचा. खुर्चीतून उठला की डोळ्यांपुढे अंधारी. दोन चिठ्ठ्या चुकल्या, बावीस वर्षांत पहिल्यांदा. आणि धाकटीचा रोज फोन, "दादा, किती झाले?" रोज तो म्हणायचा, "होतंय, होतंय." खरं सांगायची हिंमतच होत नव्हती.

तारीख उजाडली. इस्पितळाच्या मशीननं ब्याण्णव दाखवले. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट समोर ठेवले आणि चष्मा काढला. डॉक्टर चष्मा काढतात तेव्हा काय ते समजून जावं.

"तीन महिन्यांची सरासरी साखर आहे ही. तुम्ही सीमेवर होतात, आता ओलांडलीय. लघवीतून प्रथिनं जायला लागलीयत, दोनदा तपासलं. म्हणजे किडनीवर ताण येतोय."

"पण मी चार महिने साखरेचा कणही..." त्याचा आवाज चढला. "एक कणही खाल्ला नाही हो! विचारा माझ्या बायकोला!"

आहारवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी शांतपणे विचारलं, काय काय खायचात, किती खायचात. हा सांगत गेला. पुडा, वाडगा, बाटली, तीनदा भात. सांगता सांगता त्याचं त्यालाच ऐकू यायला लागलं.

"साखर तुम्ही दारातून घालवलीत," त्या म्हणाल्या, "आणि भाताच्या, पिठाच्या रूपानं दुप्पट खिडकीतून आत घेतलीत. पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते. आणि जिभेला दिवसभर गोड मिळत राहिलं, मग ती कधी गप्प बसणार?"

"अजून चार महिने द्या. आता खरंच करतो. आता कळलंय मला."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "करा. जरूर करा, पण स्वतःसाठी. ही किडनी मला आता घेता येणार नाही. पुढेही बहुतेक नाहीच. मृत दात्याच्या किडनीसाठी जी यादी असते, तिच्यात बहिणीचं नाव आहे, तिथे वाट बघू."

तो दुसऱ्या मजल्यावर कसा चढला त्यालाच माहीत नाही. जिन्यात दोनदा थांबला, एकदा परत खाली उतरला. पळून जावंसं वाटत होतं, अगदी लहानपणी काच फोडल्यावर वाटायचं तसं. शेवटी डायलिसिसच्या खोलीचं दार ढकललं. धाकटी खिडकीजवळच्या खुर्चीत होती, हाताला नळ्या लावलेल्या. शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या मास्तरांनी ह्याला बघितलं आणि तोंडभर हसले. "हेच का ते दहा किलोवाले भाऊ? सगळ्यांना सांगितलंय हिनं तुमचं!"

हा हसला नाही. धाकटीनं त्याच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं.

"नाही म्हणाले?"

तो तिच्या पायाशी स्टुलावर बसला आणि सगळं सांगितलं. काटा, शंभर, नव्वद, नाच, पुडे, नऊ दिवस काकडी, साखर, प्रथिनं. काही लपवलं नाही. मास्तरांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

धाकटी बराच वेळ गप्प होती, आणि आज तिच्या तोंडात बर्फ नव्हता.

"त्या रविवारी," ती म्हणाली, "तू दीड लिटर प्यायलास माझ्यासमोर. मला दोन दिवस पुरलं असतं ते. मी ग्लास मोजत होते दादा. मला वाटलं, पिऊ दे, माझ्यासाठी एवढं करतोय, कधी गोड हवंसं वाटतच असेल. मला राग आला तर मी स्वतःलाच रागावले." "राग येतोय मला. खूप येतोय. तुझ्या त्या काट्याला आग लाव!"

"लाव म्हणशील तर लावतो."

"गप्प बस."

मशीनचा पंप गरगर फिरत होता. हा रडत होता, मोठा माणूस, सगळ्यांदेखत. "संपलं ना सगळं," तो म्हणाला. "आता कसलं पथ्य नि कसलं काय. ज्याच्यासाठी करायचं तेच राहिलं नाही. आता फुटेपर्यंत खाईन आणि मरेन एकदाचा."

धाकटीनं मोकळ्या हातानं त्याची कॉलर धरली. सुई लागलेला हात हलवायचा नसतो, म्हणून तेवढ्या एकाच हातानं, पण घट्ट धरली.

"ह्या खोलीत खुर्च्या किती आहेत? मोज."

"छोटे, सोड..."

"मोज म्हटलं ना!"

त्यानं मोजल्या. "अकरा."

"रिकामी किती?"

"एकही नाही."

"मास्तर तिथे का बसलेत, विचार त्यांना. साखर. त्यांच्या पलीकडची ती बाई? साखर. दारातला तो तुझ्या वयाचा? साखर. मला आजारानं बसवलं इथे, माझा काही इलाज नव्हता. तुझा आहे." तिनं कॉलर सोडली, आणि चुरगळलेली होती ती नीट केली. "किडनी नाही तर नाही, मी वाट बघेन. पण मला दादा हवाय. जिना चढणारा, माझ्याशी भांडणारा. उद्या ह्या शेजारच्या खुर्चीत तुला नळ्या लावलेल्या बघायच्या असतील, तर मला आत्ताच सांग. मी ह्या सुया आत्ताच काढते आणि घरी जाते."

तिनं खरोखरच मोकळा हात सुयांवरच्या पट्टीकडे नेला. तिनं सुया काढल्या असत्या, तो तिला ओळखत होता. त्यानं तिचा हात धरला.

"नको. नको गं. ऐकतो मी."

"शपथ नको घेऊस. तुझ्या शपथा मला माहीत आहेत. फक्त दर पंधरा दिवसांनी इथे येऊन त्या खालच्या मशीनवर उभा राहा, आणि जो आकडा येईल तो वर येऊन मला सांग. वाईट असला तरी सांग. सगळ्यांसमोर."

तो मान खाली घालून बसला. मग डोळे पुसून म्हणाला, "ब्याण्णव."

"मोठ्यानं. मास्तरांना कमी ऐकू येतं."

"ब्याण्णव!" तो म्हणाला, आणि अकराही खुर्च्यांतली माणसं वळून बघायला लागली.